आजीची अळंबी आणि सोसायटीतली छत्री

"बाई, नमस्कार. मी 34 वर्षांची, पुण्यात कोथरूडला राहते. तुम्ही मला अगं-जागं केलंत तर बरं वाटेल. आमचं गाव कुडाळ तालुक्यात. आजी होती तोवर पावसाळ्यात गावी गेलं की ती पहाटे टोपली घेऊन जायची आणि पानांखाली झाकून अळंबी आणायची. अळंबीचं शेपूट तोडून मी खेळायचे. घराच्या मागे एका फणसाखालीच ती दर वर्षी यायची, तिथे वारूळबिरूळ काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आजी गेली, आणि ती चवही गेली. गेल्या आठवड्यात पाऊस झाला आणि आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या, हुबेहूब आजीच्या अळंबीसारख्या. मोबाईलवरच्या अ‍ॅपने फोटो बघून 'खाण्यायोग्य' म्हणून सांगितलं, आणि एवढं तर सगळे वापरतात. शेजारचे आजोबा म्हणाले, उकळताना चांदीचा चमचा घाल, काळा पडला नाही तर खुशाल खा. सासूबाई म्हणतात, घरात लेकरू आहे, फेकून दे. मी त्या फ्रीजमध्ये ठेवल्या आहेत, फोटो सोबत पाठवते. खाऊ का? आणि रानातली अळंबी ओळखायला मला खरंच शिकायचं आहे, माझ्या 5 वर्षांच्या मुलीलाही शिकवायचं आहे. सुरुवात कशी करू? गावी काकी आहे. तिला जागा ठाऊक आहे, पण फोनवर विचारलं की नुसती हसते."

अगं, आधी उठ आणि फ्रीजमधलं ते पुडकं बाहेर काढ. पुढचं नंतर वाच. एक चांगली उमललेली छत्री बाजूला ठेव, तिचं काम सांगते. बाकीच्या कागदात घट्ट गुंडाळून कचऱ्यात टाक, कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागणार नाहीत अशा बेताने. मग साबणाने हात धू. नुसतं हाताळल्याने बाधा होत नाही, पोटात गेलं तरच होते, तेव्हा फ्रीज धुवायला काढायची गरज नाही. सासूबाईंचं ऐकलं नाहीस पण खाल्लंही नाहीस, थांबून विचारलंस, त्याबद्दल तुझं मनापासून कौतुक वाटतं. त्या माउलीला माझा नमस्कार सांग.

तू पाठवलेले फोटो पाहिले. फोटोवरून मी कुठल्याही छत्रीला 'ही खा' असं आजवर म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. पण 'ही खाऊ नकोस' असं सांगायला फोटो पुरतो. हिरवळीवर कोंडाळं करून उगवलेल्या, ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या, माथ्यावर तपकिरी खवले आणि देठावर वरखाली सरकणारं कडं, या वर्णनात चपखल बसणारी एक विषारी जात आपल्याकडे शहरांतल्या बागांत, मैदानांवर, सोसायट्यांत सर्रास उगवते. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ती दिसते इतकी देखणी आणि घसघशीत की नवखा माणूस मोहात पडतोच. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, माणूस गळून जातो. धडधाकट मोठा माणूस बहुतेक वेळा यातून उठतो, पण लहान मुलाच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं आणि सलाईन लावायची वेळ येते. तुझ्या घरात 5 वर्षांची मुलगी आहे, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला होता.

आता बाजूला ठेवलेल्या छत्रीचं काम. देठ कापून टाक. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद शेजारी शेजारी ठेव आणि टोपीची खालची, पापुद्र्यांची बाजू कागदावर येईल अशी ती त्यावर पालथी घाल. टोपीवर पाण्याचा एक थेंब सोड, वर वाडगं उपडं ठेव आणि रात्रभर विसरून जा. सकाळी वाडगं आणि टोपी उचललीस की कागदावर पापुद्र्यांची हुबेहूब रांगोळी उमटलेली दिसेल. ती भुकटी म्हणजे बीजाणू, या छत्रीचं बी. पांढऱ्या रंगाचे बीजाणू काळ्या भागावर दिसतात, गडद रंगाचे पांढऱ्यावर, म्हणून दोन कागद. माझा अंदाज बरोबर असेल तर तुझी रांगोळी मळकट हिरवी उमटेल. असे हिरवे बीजाणू टाकणाऱ्या छत्र्या फार थोड्या, त्यामुळे ही खूण मोलाची. कोवळ्या छत्रीचे पापुद्रे मात्र पांढरेच असतात, वय झाल्यावर त्यांच्यावर हिरवट झाक चढते, आणि तुझ्या फोटोत तर त्या ऐन भरात आहेत. रांगोळी हिरवी नाही आली तरी त्या छत्र्या खायच्या नाहीतच. तो कागद मुलीला दाखव. बीजाणूंचा रंग बघितल्याशिवाय छत्रीला नाव द्यायचं नाही, हे तिला आत्ताच कळलं तर पुढे तुला सांगावं लागणार नाही.

अ‍ॅपबद्दल तू 'एवढं तर सगळे वापरतात' असं लिहिलंस. वापरा की, फुलांसाठी वापरा, पाखरांसाठी वापरा. पण छत्री ओळखायची तर देठाचं बूड बघावं लागतं, आणि ते मातीत असतं. पापुद्रे देठाला चिकटलेत की मध्ये मोकळी जागा सोडून थांबलेत, कापल्यावर रंग बदलतो का, वास कसा येतो, ती कशातून उगवली आहे, लाकडातून, शेणातून, मातीतून, की मातीखालच्या आणखी कशातून, आणि बीजाणू कुठल्या रंगाचे, यातलं काहीच वरून काढलेल्या फोटोत येत नाही. अ‍ॅपला जे दिसलंच नाही त्यावर ते बोलतं आहे.

आणि चांदीचा चमचा. आजोबांचा हेतू चांगला आहे हे मला पुरतं ठाऊक आहे, म्हणून त्यांना दुखवू नकोस, पण ऐकूही नकोस. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. छत्रीतल्या विषांचा त्याच्याशी संबंध नाही. लसूण काळा पडला तर विषारी, तांदूळ लाल झाले तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली, हळद-चिंचेत उकळली की विष उतरतं, या सगळ्या समजुती मी कोकणात, देशावर आणि विदर्भातही ऐकल्या आहेत, आणि एकही खरी नाही. गोगलगाय जे पचवते ते माणसाला पचत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, वनस्पतिशास्त्राची पदवी ताजी ताजी खिशात असताना, आम्ही चौघींनी भाड्याच्या घरामागे उगवलेल्या छत्र्या शिजवल्या. मी त्यात लसणाच्या पाच पाकळ्या टाकल्या, त्या पांढऱ्याशुभ्र राहिल्या, आणि मी मैत्रिणींना म्हटलं, वाढा. दोन तासांत चौघीही मोरीत होतो. त्यातल्या एकीला तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. तिचे वडील घ्यायला आले तेव्हा ते मला काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. आम्ही वाचलो त्याला लसूण कारण नव्हता. आमच्या वाट्याला आलेली जात फक्त पोट बिघडवणारी होती, एवढंच.

कारण दुसऱ्या जातीच्या बाबतीत असं होत नाही. अमानिता कुळातल्या काही छत्र्या, आणि लेपिओटा, गॅलेरिना यांतल्या काही चिमुकल्या तपकिरी छत्र्या यांच्यात अमाटॉक्सिन नावाची विषं असतात. शिजवून, वाळवून, गोठवून ती जात नाहीत. चवीला कडू लागत नाहीत, उलट खाऊन वाचलेल्यांनी चव छान होती असंच सांगितलेलं आहे. खाल्ल्यावर पहिले सहा तास, कधी बारा, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. आणि मग, हे नीट वाच, एक दिवस बरं वाटतं. माणूस उठून बसतो, पेज मागतो, घरचे म्हणतात उतरलं एकदाचं. त्याच वेळी आत यकृताच्या पेशी मरत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात तोवर फार उशीर झालेला असतो. एक मध्यम आकाराची छत्री मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरते.

2022 च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली छत्री खाऊन थोड्याच दिवसांत 13 माणसं गेली, त्यात एक लहान मूलही होतं. दिब्रुगढच्या आसाम मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्यांना आणलं होतं. बहुतेक चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या घरांतली माणसं. रानातलं ओळखून खाणाऱ्या घरांतसुद्धा असं होतं, आपण तर कोथरूडच्या.

म्हणून कधी, कुठेही, कुणालाही छत्री खाल्ल्यावर त्रास झाला तर 'बघू सकाळी' म्हणायचं नाही. तडक मोठं रुग्णालय गाठायचं, 108 ला फोन करायचा, आणि उरलेली भाजी, न शिजवलेली एखादी छत्री, निवडताना काढलेले देठ, जे असेल ते कागदी पिशवीत घालून सोबत न्यायचं. प्लास्टिकमध्ये ते लवकर सडतं. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे डॉक्टरांना सांगायचं. त्रास उशिरा सुरू झाला तर भीती जास्त. आणि लवकर सुरू झाला म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही, कारण एकाच टोपलीत दोन जाती आलेल्या असू शकतात. सोबत ज्यांनी ज्यांनी खाल्लं असेल त्या सगळ्यांना न्यायचं, त्यांना काही होत नसलं तरी. घरी मीठपाणी पाजून उलट्या काढत बसायचं नाही.

एवढं भीतीचं सांगून झालं. आता तुझ्या आजीकडे येऊ, कारण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ तिच्याबद्दलची आहे: दर वर्षी त्याच फणसाखाली, आणि तिथे वारूळ नव्हतं.

वारूळ होतं गं. वर दिसत नव्हतं, एवढंच. वाळवीच्या काही जाती मातीचा उंच डेरा उभा करतात, काही सगळा संसार जमिनीखालीच मांडतात. तुझ्या आजीची अळंबी म्हणजे, तू केलेल्या वर्णनावरून, टर्मिटोमायसिस या गटातली असणार, आणि हा गट वाळवीच्या वारुळाबाहेर जगतच नाही. ओडोन्टोटर्मिससारखी वाळवी सुकी पानं, लाकूड, गवत चावून आत आणते आणि त्याचा सच्छिद्र, मधाच्या पोळ्यासारखा गोळा रचते. त्यावर ही बुरशी वाढते. लाकडातला जो टणक भाग वाळवीला पचत नाही तो ही बुरशी मऊ करते, आणि वाळवी ती खाते. ही शेतीच आहे, आणि माणसाने शेती सुरू केली त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून ती आफ्रिकेत आणि मग आशियात चालू आहे. पावसाने जमीन पुरती भिजली की आतल्या गोळ्यातून एक लांब, मुळासारखा देठ माती फोडत वर येतो, आणि आपल्याला अळंबी दिसते. ते मूळ कधी कधी हातभर खोल जातं. तू लहानपणी आजीने आणलेल्या अळंबीचं 'शेपूट' तोडून खेळायचीस असं लिहिलंस ना, ते हेच.

हे सगळं नांदतं वारूळ असेल तरच. ते वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून अळंबीही दर वर्षी तिथेच येते. बाजारात मिळणाऱ्या बटन किंवा धिंगरी (ऑयस्टर) अळंबीसारखी ती शेडमध्ये पिकवता येत नाही, कारण पिकवणारी ती वाळवी आहे. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि या अळंबीला रोयण अळमी. श्रावणाच्या सुमाराला रस्त्याकडेला पानांच्या पुड्यांत ती विकायला बसलेल्या बायका तू पाहिल्या असशील. गडचिरोली-चंद्रपूरकडे सात्या, टेकोडे ही नावं ऐकू येतात. शेतकी कॉलेजच्या कागदावर ती अळिंबी होते, आणि जिची ओळख पटत नाही ती सगळी आपल्या बोलीत एका फटक्यात कुत्र्याची छत्री. आपल्या पूर्वजांनी हा शब्द करून फार शहाणपणा केला. ओळख नाही ना, मग ती कुत्र्याची, आपली नव्हे.

तुझ्या आजीला शंभर प्रकारच्या छत्र्या ओळखता येत नव्हत्या. तिला एक, फार तर दोन-तीन ओळखता येत असणार. पण त्या कुठल्या झाडाखाली, तरण्या पावसात की म्हाताऱ्या पावसात, किती दिवस झड लागून उघडीप पडली की येतात, कळी कशी दिसते, दुसऱ्या दिवशी कशी दिसते, नासली की कसा वास येतो, हे तिला तिच्या सासूने त्याच फणसाखाली उभं करून दाखवलं होतं. तिची ओळख छत्रीशी जितकी होती तितकीच त्या जागेशी होती. ती कोथरूडला आली असती तर तुझ्या हिरवळीवरच्या छत्र्यांकडे तिने ढुंकून पाहिलं नसतं, याची मला खात्री आहे. मोबाईल आपल्याला शंभर जाती वरवर शिकवायला निघतो. तू एकच शिक, पण तळापर्यंत शिक.

आणि ती एक जात म्हणजे तुझ्या फणसाखालची. पुण्यात नाही, ताम्हिणीच्या वाटेवर नाही, गावी.

पण गावी जाण्याआधी पुण्यात बसून करण्यासारखं बरंच आहे. मंडईतून धिंगरी आण, बटन आण. बटनची टोपी बंद असेल तर दोन दिवस उमलू दे. त्यांचे पापुद्रे बघ, देठ उभा चिरून बघ, रात्री रांगोळी काढ. बटनची चॉकलेटी येईल, धिंगरीची पांढरट किंवा फिकट जांभळी. असं वीसेक वेळा केलंस की हाताला वळण लागेल आणि डोळा आपोआप पापुद्र्यांकडे जाईल. धिंगरी तर घरीच पिकव. भाताच्या पेंढ्याच्या पिशवीत ती तीन-चार आठवड्यांत येते, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर काम करणारं केंद्र आहे, तिथे चौकशी कर. मुलीला ताजी अळंबी खाऊ घालायची तुझी हौस या वर्षी तिथूनच भागव. धिंगरीला आजीच्या अळंबीची सर नाही हे मलाही कळतं, पण 5 वर्षांच्या पोरीला रानातली छत्री मी आणखी काही वर्षं देणार नाही. इतक्या लहान शरीराला चुकीचं माप फार थोडं पुरतं.

सोसायटीत, टेकडीवर दिसतील त्या छत्र्या बघत राहा. वही कर. तारीख, झाड, माती, वास, बूड, रांगोळीचा रंग. कात्रीने वरून कापून घरी आणू नकोस, चमच्याने बुडापासून खणून काढ. अमानिताची सगळ्यात मोठी खूण मातीत दडलेली असते. बुडाशी अंड्याच्या टरफलासारखी फाटकी पिशवी असते, कपात उभी केल्यासारखी. वरून कापणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. अशी पिशवी दिसली की नवख्याने विषय तिथेच बंद करायचा. पेंढ्यावर उगवणाऱ्या एका खाण्याच्या छत्रीलाही अशीच पिशवी असते हे खरं, आणि नेमक्या त्या साम्यामुळेच आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथली जीवघेणी अमानिता आपल्या गावची समजून खाल्ल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यांचं गावातलं ज्ञान चोख होतं. फक्त गाव बदललं होतं. तुझी हिरवळ आणि तुझा फणस यांच्यात हेच झालं.

या पहिल्या पावसाळ्यात वहीतलं एकही खायचं नाही. मला वचन दे असं नाही म्हणत, पण सासूबाईंना दे.

मग काकीकडे जा. तीन-चार दिवसांची रजा काढून जा, कारण अळंबी शनिवार-रविवार बघून येत नाही. कोकणात आर्द्रा सरून पुनर्वसू लागला की लोक वाटेवर डोळा ठेवतात. वीज कडाडली की अळंबी फुटते असं काकी म्हणेल. तिच्याशी वाद घालू नकोस, नुसतं टिपून घे आणि दुसऱ्या दिवशी बघायला जा. तिच्यासोबत पहिल्यांदा जाशील तेव्हा एक अळंबी तिला विचारून मुळासकट हळूच काढ. टोपीच्या मधोमध भाल्याच्या टोकासारखा उंचवटा आहे ना, त्याने ती माती फोडते. पापुद्रे देठाला न टेकता मोकळे आहेत ना. बुडाशी पिशवी नाही ना, तिथून खाली ते लांब शेपूट जातंय ना. रांगोळी फिकट गुलाबी येते ना. यातल्या काही जातींना कडं असतं, काहींना नसतं, तेव्हा कड्यावरून काही ठरवू नकोस. आणि नुसत्या गुलाबी रांगोळीवरही जाऊ नकोस, एन्टोलोमा नावाच्या गटातल्या विषारी छत्र्यांचीही गुलाबीच येते. मात्र त्यांचे पापुद्रे देठाला जोडलेले असतात आणि खाली वारूळ नसतं. सगळ्या खुणा एकाच वेळी जुळल्या, आणि वर काकी 'होय' म्हणाली, तरच ती अळंबी. काकीचं 'होय' मी शेवटी लिहिलं असलं तरी माझ्या लेखी त्याचं वजन सगळ्यात जास्त आहे.

मुळासकट काढायची ती तेवढी एकच. नंतर सुरीने जमिनीलगत काप. ओढून काढली तर खालचा गोळा हलतो, आणि खणत बसलं तर वारूळच मोडतं. हावरटपणाने कळ्या खुडणं हा तर आणखी वाईट प्रकार. कळी चवीला चांगली, बाजारात तिला भाव जास्त, म्हणून उमलायच्या आतच सगळ्या उचलतात. पण उमललेल्या छत्रीतूनच बीजाणू सांडतात, आणि नव्या वारुळातली वाळवी बहुतेक वेळा ते बाहेरून गोळा करून आपली शेती सुरू करते. छत्री उघडलीच नाही तर पुढच्या वारुळाला बी कुठून मिळणार? गोव्यातले कवकशास्त्रज्ञ, म्हणजे बुरशीचे अभ्यासक, डॉ. नंदकुमार कामत यांनी या बेसुमार तोडणीविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला आहे. मला त्यांचं पटतं. तुझ्या फणसाखाली वीस आल्या तर सात-आठ घे आणि बाकीच्या उघडू दे, पडू दे, कुजू दे. अळंबी हवी असेल तर वाळवीवर औषध फवारू नका, हेही काकाला सांग.

एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या भटक्या मंडळींसाठी इथेच सांगून टाकते. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून अळंबी उचलणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांना गौण वनोपजावर 2006 च्या वनहक्क कायद्याने हक्क दिला आहे. तो त्यांचा आहे, आपल्या सहलीचा नाही. देवराईतली तर देवाचीच. रस्त्याच्या कडेची, कारखान्याजवळची, फवारलेल्या बागेतली ओळखीची असली तरी घेऊ नये, छत्र्या मातीतलं शिसं आणि कॅडमियम शोषून घेतात.

आणि चव. काकीच्या चुलीवर, ओल्या खोबऱ्याच्या वाटपात, चार आमसुलं टाकून, पुरती शिजवून. रानातली छत्री कच्ची किंवा अर्धीकच्ची कधी खायची नाही. त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या जातीशी मिसळायची नाही, सोबत दारू नाही, कारण काही छत्र्या दारूबरोबरच बाधतात. पहिल्यांदा वाटीभरही नको, दोन-तीन घास खा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांब. एकीला चालतं ते दुसरीला चालेलच असं नाही. एक न शिजवलेली अळंबी कागदात गुंडाळून तारीख घालून बाजूला ठेव.

मुलीला घेऊन जा. तिला खायला देऊ नकोस पण फणसाखाली उभी कर. तिला शेपूट बघू दे, रांगोळी काढू दे, वहीत चित्र काढू दे, आणि घरी आल्यावर हात धुवायला लाव. 'कुठलीही छत्री आईला विचारल्याशिवाय तोंडात घालायची नाही' हे वाक्य तिच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घे की ती कंटाळली पाहिजे.

राहता राहिलं काकीचं हसणं. ती फोनवर सांगत नाही यात तुझ्यावर राग नाही. आमच्याकडेही अळंबीची जागा फोनवर, चारचौघांत, अगदी माहेरच्या माणसालाही सांगत नसत. सुनेला दाखवत, तीही बरोबर नेऊन. तुझ्या आजीने काकीला अशीच दाखवली असेल. काकी तुलाही दाखवेल, पण तू तिच्या मागून चालत गेलीस तर. जाताना काकीसाठी काहीतरी ने, आजीची आठवण काढ, आणि पहाटे ती टोपली उचलेल तेव्हा काही न विचारता चपला घाल. फोटो काढायचेच असतील तर मोबाईलमधली ठिकाणाची नोंद आधी बंद कर. नाहीतर तू प्रेमाने टाकलेल्या एका फोटोवरून पुढच्या पावसाळ्यात त्या फणसाखाली दुसऱ्याच कुणाच्या चपला उमटलेल्या असतील.